सात माणसं, एक पट आणि ताटकळलेला शनिवार

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. सांगलीत विश्रामबागला तुमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. कॉलेजातले मित्र-मैत्रिणी, काहींचे नवरा-बायको, असे सात जण शनिवारी संध्याकाळी जमले. खास त्यासाठी कॅटान हा पटावर वस्त्या उभारायचा खेळ मागवला होता. डब्यावर चार खेळाडू लिहिलेले, म्हणून तीन जोड्या आणि एक एकटा असे चार संघ केले. नियम सांगण्यात पाऊण तास गेला. साडेनऊपर्यंत एकानं फोन काढला, दोघी स्वयंपाकघरात गप्पांना गेल्या, त्यातली एक परत आलीच नाही. दहाला डाव अर्धवट टाकून सगळे जेवायला बसले आणि जेवताना मात्र धमाल आली. आता तुमचा प्रश्न असा, की आपल्या मंडळींना असल्या खेळांची आवडच नाही का, आणि पुन्हा बोलवावं की नाही.

बोलवा. आवडीचा इथं काही संबंध नाही. जेवताना धमाल आली, कारण ताटावर बसलेल्या माणसाला आपली पाळी यायची वाट बघावी लागत नाही. तुमच्या शनिवारचं सगळं दुखणं त्यात आहे.

आमच्याकडं सांगलीतच, गावभागात २०१२ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी खेळ असतो. सुरुवात पत्ते आणि कॅरमनं झाली. मग पुण्याच्या भाच्यानं एक-एक डबे आणायला सुरुवात केली आणि आता माझ्याकडं साड्यांपेक्षा खेळ जास्त आहेत, असं सासूबाई म्हणतात. इतक्या वर्षांत कोण परत येतं आणि कोण येत नाही, हे बघत आले. सपाटून हरलेला माणूस पुढच्या महिन्यात हटकून येतो, वचपा काढायला. ताटकळलेला येत नाही. त्याला विचारलं तर सांगतो, "काम निघालं हो."

तुमच्या डावाचा हिशेब मांडून बघा. नवखा माणूस कॅटानमध्ये एका पाळीला सहज दोन मिनिटं घेतो. चौघांत तुमची पाळी सहा मिनिटांनी परत येते. जोडी करून बसवलं की दोघांत आधी कुजबूज, मग मतभेद, मग "तूच ठरव", असं करत पाळी चार मिनिटांवर जाते. म्हणजे मधे बारा मिनिटं मोकळी. त्यातही जोडीतल्या एकाच्याच हातात पत्ते असतात आणि दुसरा नुसता मान डोलावतो. सातांपैकी तिघं तर सबंध संध्याकाळ प्रेक्षकच होते. फोन काढणाऱ्याला मी दोष देणार नाही, बारा मिनिटं मीही काढला असता.

आता याउलट मेंढीकोट बघा. चौघं, दोन जोड्या, बावन्न पत्ते, प्रत्येकी तेरा. दर हाताला प्रत्येकाला पत्ता टाकायचाच आहे, वाट बघायची ती दहा सेकंद. शिवाय भिडू समोर बसलेला, त्यामुळं त्याची पाळी असली तरी जीव आपला टांगणीला. दश्शी त्याच्या हातात आहे आणि हुकूम फुटलेला नाही, अशा वेळी कुणी फोन बघत नाही. आपल्या जुन्या खेळांना हे बरोबर कळलं होतं. पचिशीत चौघं समोरासमोर भिडू असतात, माझी सोंगटी मेली तरी भिडूच्या कवड्यांवर माझं लक्ष असतं. इंग्लंडमध्ये १८९६ साली याच खेळावरून लुडोचं पेटंट घेतलं गेलं. त्यात कवड्यांच्या जागी फासा आला आणि भिडू गेला. प्रत्येक जण आपापला. म्हणूनच लुडोत तीन वेळा घरी गेलेलं पोर पटच उधळून देतं.

तेव्हा पहिली गोष्ट माणसं मोजायची. डबा त्यानंतर उघडायचा. सात जण म्हणजे सातांचा एक खेळ, नाहीतर चार आणि तीन अशी दोन टेबलं. चारांच्या खेळात सात कोंबायचे नाहीत. जोड्या करून तर अजिबात नाहीत, जोपर्यंत खेळच जोड्यांचा नाही. दोन टेबलांची कल्पना यजमानाला आवडत नाही, सगळे एकत्र बसावेत असं वाटतं. पण एका खोलीत दोन टेबलं लागली की एकीकडची आरडाओरड ऐकून दुसरीकडचे मान वळवून विचारतात, "काय झालं रं?" आणि तेवढं एकत्रपण पुरतं. दुसरं टेबल नसेल तर सतरंजी अंथरा. आमच्याकडं निम्मे खेळ सतरंजीवरच होतात, फक्त गुडघेदुखीवाल्यांना टेबलावर बसवायचं हे लक्षात ठेवायचं.

कॅटानला मी नावं ठेवत नाही, गैरसमज नको. १९९५ साली क्लाउस टॉयबर या जर्मन माणसानं तो केला आणि त्यातली खरी हुशारी याच वाट बघण्याच्या बाबतीत आहे. फासे कुणीही टाको, ज्याच्या-ज्याच्या वस्तीशेजारचा आकडा पडला त्याला माल मिळतो. दुसऱ्याच्या पाळीत तुम्ही सौदाही करू शकता: "दोन लोकर देतो, एक वीट दे." चौघांत तो रंगतो तो त्यामुळं. पाच-सहा जणांसाठी वेगळा जोडसंच मिळतो. त्यात दुसऱ्याच्या पाळीनंतर बाकीच्यांनाही बांधकाम करू देणारा खास नियम घालावा लागला, म्हणजे माणसं वाढली की काय होतं हे करणाऱ्यांनाही चांगलं ठाऊक होतं.

पण नवख्यांसाठी त्यात एक खड्डा आहे. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांत सात सहा वेळा येतो, सहा आणि आठ प्रत्येकी पाच वेळा, दोन आणि बारा जेमतेम एकेकदा. ज्याला हे माहीत नाही तो समुद्राकाठची छान जागा बघून बारा आणि तीनच्या आकड्यावर वस्ती मांडतो आणि तासभर हातात एक पत्ता धरून बसतो. ताटकळण्याचा हा दुसरा प्रकार: पाळी येते, पण करायला काही नसतं. नियमपुस्तिकेत पहिल्या डावासाठी पट आणि वस्त्यांची आयती मांडणी दिलेली असते. सगळे ती ओलांडून पुढं जातात, कारण आपण काय लहान आहोत का! पहिल्यांदा तीच लावा.

व्यापाराचा डाव, म्हणजे आपली मोनोपॉली, घरोघरी असतो, त्यावरही एक शब्द. मोनोपॉलीचं मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईनं १९०४ साली पेटंट घेतलेल्या खेळात आहे. जमीनमालक भाड्यावर कसे गब्बर होतात आणि बाकीचे कसे कंगाल होतात, ते दाखवण्यासाठी तिनं तो केला होता. १९३५ साली पार्कर ब्रदर्सनी त्याचाच वारस बाजारात आणला. तेव्हा तुमच्या घरी एकजण सगळी मुंबई विकत घेऊन बसतो आणि बाकीचे दिवाळं काढून भिंतीला टेकतात, त्यात खेळ बिघडलेला नसतो. त्याचा स्वभावच तो. आपण वर आणखी हौसेनं तो लांबवतो. दंडाचे पैसे मधे ठेवायचे आणि कोपऱ्यावर येईल त्यानं उचलायचे, हा मोनोपॉलीच्या मूळ नियमांत नाही, घरगुती आहे, आणि त्यामुळं बुडणारा माणूस पुन्हा-पुन्हा वर येत राहतो. उलट एखाद्यानं जागा घेतली नाही तर तिचा लगेच लिलाव करायचा, हा मूळ नियम कुणीच पाळत नाही. तो पाळला तर डाव निम्म्या वेळात संपतो. तरी सातांच्या संध्याकाळी मी हा डबा काढणार नाही.

मग काय काढू? पहिल्यांदा तर काहीच विकत आणू नका.

कोडनेम्स नावाचा एक खेळ आहे, व्लादा ख्वातिल या चेक माणसाचा, २०१५ सालचा. टेबलावर पाच ओळींत पाच-पाच असे पंचवीस शब्द मांडायचे. दोन संघ, प्रत्येकाचा एक कप्तान. कोणता शब्द कुणाचा, ते फक्त दोघा कप्तानांकडच्या नकाशात दिसतं: पहिल्या संघाचे नऊ, दुसऱ्याचे आठ, सात शब्द कुणाचेच नाहीत आणि एक काळा. कप्तानानं एकच शब्द आणि एक आकडा बोलायचा, त्यावरून संघानं आपले शब्द ओळखायचे. दुसऱ्याचा उचलला तर पाळी गेली, काळा उचलला तर डावच गेला. सहा, सात, आठ माणसं आरामात बसतात आणि ज्याची पाळी नाही त्याचेही कान टवकारलेले असतात, कारण समोरचे चुकीचं बोट ठेवतायत हे बघण्यासारखं सुख नाही.

इंग्रजी डबा आणला तेव्हा आमच्याकडं तो पडला. इंग्रजी सगळ्यांना येतं, पण इशारा सुचत नाही. माणूस आधी मराठीत विचार करतो, मग शब्द शोधत छताकडं बघतो, आणि बाकीचे ताटकळतात. मग एका रविवारी मी आणि नणंदेनं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंच्या चिठ्ठ्या कापल्या आणि शंभर मराठी शब्द लिहिले. तेव्हापासून तो आमचा सगळ्यात जास्त खेळला जाणारा खेळ आहे.

शब्द निवडण्यात सगळी गंमत आहे, त्यावर जरा रेंगाळते. एकच अर्थ असलेला शब्द मेलेला असतो. 'टेबल' लिहून काही होत नाही. दोन-तीन तोंडांचे शब्द हवेत आणि मराठीत त्यांची खाणच आहे. नाव म्हणजे होडी आणि नाव म्हणजे नाव. पान झाडाचं, पुस्तकाचं, जेवणाचं आणि विड्याचं. पाट बसायचा आणि शेतातल्या पाण्याचा. माळ गळ्यातली आणि बिनपाण्याची. वार आठवड्याचा आणि तलवारीचा. अंक गणितातला, नाटकातला आणि दिवाळीचा. तार सतारीची, कुंपणाची आणि पूर्वी पोस्टातून यायची ती, जिनं घरात रडारड व्हायची. तीर, कर, भाव, कळ, हार, गोळी, दर, ओढ, सूर. यात थोडे आपल्या गावचे मिसळा: हळद, बेदाणा, ऊस, पूर, सतार, घाट, गणपती. हळद तर सोन्यासारखा शब्द, मार्केट यार्डातली, दुधातली आणि लग्नातली.

एकदा मी कप्तान होते. माझे शब्द होते नाव, पूल आणि घाट. मी म्हटलं, "कृष्णा, तीन." सांगलीत याहून सोपा इशारा काय असणार? आमच्या संघानं घाट उचलला, मग एकमेकांकडं बघून बासरीवर बोट ठेवलं. बासरी काळी होती. मला नदी दिसत होती, त्यांना देव दिसला. 'आयर्विन' असं पुलाचं नावच म्हटलं असतं तर पूल तरी नक्की मिळाला असता. त्या एका चुकीवर आमच्याकडं अजून बोलणी बसतात.

नवरा-बायको एका संघात द्यायचे नाहीत, हा नियम मात्र आम्ही अनुभवानं केला. एका भल्या माणसानं इशारा दिला, "महाबळेश्वर, दोन." सगळ्यांना वाटलं थंडी, स्ट्रॉबेरी, काहीतरी असेल. बायकोनं क्षणाचाही विचार न करता 'लिंबू' आणि 'उलटी' उचलले, दोन्ही बरोबर. पसरणीच्या घाटात लग्नानंतर लगेच काय झालं ते सगळ्या खोलीला कळलं, आणि समोरच्या संघानं फसवणुकीची तक्रार केली ती रास्तच होती.

चिठ्ठ्यांइतकीच स्वस्त दुसरी गोष्ट म्हणजे पत्त्यांचे दोन कॅट आणि चॅलेंज. पत्ते पालथे टाकत जायचे, "तीन राण्या" म्हणायचं, आणि ज्याला खोटं वाटेल त्यानं चॅलेंज द्यायचा. चॅलेंज कुणीही, कधीही देऊ शकतो, त्यामुळं सात जणांतही कुणी मोकळा नसतो. मी संध्याकाळची सुरुवात त्यानंच करते. आपल्याकडं सातला बोलावलं की आठला जमतात. पहिले तिघं आले की लगेच पत्ते वाटायचे, नंतर येईल त्याला पुढच्या डावात घ्यायचं. लवकर आलेल्यांना "बसा, बाकीचे येतायत" असं सांगणं म्हणजे वेळेवर आल्याची शिक्षा. बदाम सातही चालतं, पण त्यात एकजण मुद्दाम सत्ती अडवून बसतो आणि बाकीचे नुसते 'पास, पास' म्हणत राहतात.

आता नियम सांगण्याबद्दल, कारण तुमचा पाऊण तास तिथं गेला. पुस्तिका टेबलावर उघडायचीच नाही. ती आदल्या रात्री एकट्यानं वाचायची आणि दोन काल्पनिक खेळाडू करून स्वतःशीच चार पाळ्या खेळायच्या. घरचे हसतात, हसू द्या. सांगताना आधी जिंकायचं कसं ते, मग आपल्या पाळीत काय करता येतं ते, मग डाव कधी संपतो ते. एवढंच. बाकीचं वेळ येईल तेव्हा.

तिकीट टू राइड सासूबाईंना मी असा सांगितला: "प्रत्येकाकडं रेल्वेचे पंचेचाळीस डबे. हातात गुप्त तिकीट आहे, समजा मिरज ते पंढरपूर. ते दोन्ही गाव आपल्या रुळांनी जोडायचे. पाळीला तीनच कामं, त्यातलं एक करायचं: रंगीत पत्ते घ्या, नाहीतर त्या रंगाच्या पत्त्यांनी रूळ टाका, नाहीतर नवी तिकिटं घ्या. कुणाकडं दोन किंवा त्याहून कमी डबे उरले की सगळ्यांना एक-एक पाळी आणि खेळ खलास." दीड मिनिट लागलं. पटावर अमेरिकेची गावं आहेत, त्याचं त्यांना काही वाटलं नाही, लहान डोळे करून त्या डेन्व्हर शोधतात. पाळ्या छोट्या, पट डोळ्यासमोर, पाच जणांपर्यंत उत्तम. तुम्हाला डबा विकत घ्यायचाच झाला तर कॅटानच्या आधी मी हा सांगितला असता.

सांगत असताना सोंगट्या-पत्ते वाटू नका. हातात वस्तू आली की माणूस रंग लावत बसतो आणि तुमचं ऐकत नाही. पहिल्या दोन पाळ्या उघड्या पत्त्यांनी, मोठ्यानं विचार करत खेळायच्या, त्या मोजायच्या नाहीत. आणि मधेच "अरे, एक नियम सांगायचाच राहिला" असं झालं, जे मला आजही होतं, तर तो सांगायचा पण सगळे कबूल असतील तरच त्या डावात लागू करायचा. नाहीतर ज्याचं नुकसान होतं त्याला वाटतं यजमानानं ऐन वेळी पोतडीतून काढला.

तीन जणांच्या टेबलाला कार्कासोन छान. बहात्तर चौकोनी तुकडे, एक उचलायचा, जोडायचा, झाली पाळी. रस्ते, गावं, मठ. त्यात शेतकऱ्यांचा एक नियम आहे तो पहिल्या डावात सरळ गाळा. शेवटी कुणाचं कुरण कुठं संपतं यावर जो वाद होतो तो बांधाच्या भांडणापेक्षा कमी नसतो. सहा जण असतील आणि बोलकी मंडळी असतील तर डिक्सिट. स्वप्नातल्यासारखी चित्रं, एकानं आपल्या चित्रावर एखादं वाक्य बोलायचं, बाकीच्यांनी त्याला शोभेल असं आपल्या हातातलं टाकायचं, मग सगळ्यांनी ओळखायचं. सगळ्यांनाच ओळखता आलं किंवा कुणालाच नाही, तर सांगणाऱ्याला शून्य. भाषेची अडचणच नाही, म्हण टाका, ओवी टाका. मुलांना आणि आजीला एकत्र बसवायला याहून बरं काही मला सापडलेलं नाही.

सगळ्यांनी मिळून जिंकायचे खेळ असतात, त्यांची शिफारस तुम्हाला कुणीतरी करेलच, कारण त्यात भांडणं होत नाहीत म्हणे. पँडेमिक हा त्यातला नावाजलेला, जगभर साथ पसरते आणि चौघांनी मिळून ती आवरायची. खेळ फार सुंदर आहे. पण प्रत्येक मित्रमंडळात एक इंजिनीअर असतो. तो दुसऱ्या पाळीपासून सगळ्यांना सांगायला लागतो, "तू इकडं जा, तू हे पत्ते त्याला दे," आणि बाकीचे तिघं त्याच्या सोंगट्या हलवणारे गडी होतात. ताटकळण्याचा हा तिसरा प्रकार आणि मला विचाराल तर सगळ्यात वाईट, कारण दिसताना सगळे खेळतायत असंच दिसतं. त्यावर माझा उपाय हनाबी. पत्ते उलटे धरायचे, स्वतःचे आपल्याला दिसत नाहीत, बाकीच्यांना दिसतात. इंजिनीअरलाही स्वतःच्या पत्त्यांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. किंवा द माइंड, एक ते शंभर आकडे, चढत्या क्रमानं टाकायचे आणि कुणी एक अक्षर बोलायचं नाही. आमचा इंजिनीअर त्या खेळात लाल होतो. (तो माझा नवरा आहे, म्हणून लिहिते.)

रात्री माफिया, म्हणजे आपल्यातले लपलेले खुनी ओळखायचा खेळ, खेळू असं कुणीतरी म्हणेल. १९८६ साली मॉस्कोच्या विद्यापीठात दिमित्री डेव्हिडॉफ यानं तो सुरू केला आणि सातांत तो होतो. पण पहिल्या रात्री मेलेला माणूस डाव संपेपर्यंत भुतासारखा बसतो. शेवटी एकच डाव, तोही पंधरा मिनिटांचा, एवढीच परवानगी द्या.

तुम्ही बुद्धिबळाचंही विचारलंय. सांगलीत बुद्धिबळाला नाही म्हणणं म्हणजे धारिष्ट्यच. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून इथं पिढ्या घडवल्या. भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या, आणि स्वाती घाटेही सांगलीच्याच. त्या मंडळात जाऊन बुद्धिबळ खेळा, जरूर खेळा. पण पाहुण्यांच्या संध्याकाळी दोघं खेळणार, पाच बघणार, आणि त्या पाचांतला एकजण हत्तीकडं बोट दाखवणार. पट आतल्या खोलीत ठेवा. कॅरम मात्र कोपऱ्यात मांडून ठेवायला हरकत नाही. एका टेबलाचा डाव आधी संपला की ते लोक तिकडं सरकतात, कुणाला सांगावं लागत नाही.

बारीकसारीक गोष्टींत सगळ्यात उपयोगाची सांगते: फोनवाल्याला बँक द्या. जो चुळबुळ्या आहे त्याच्याकडं पत्ते वाटणं, पैसे मोजणं, गुण लिहिणं हे काम सोपवायचं. त्याची पाळी नसली तरी हात चालू राहतात. आणि जो प्रत्येक चालीला तपश्चर्येला बसतो त्याला वाळूचं घड्याळ लावू नका, अपमान होतो. त्याच्या आधीच्या खेळाडूची चाल संपायच्या सुमारास हळूच म्हणायचं, "पुढचे तुम्ही हां." निम्मी तपश्चर्या तेवढ्यात होऊन जाते.

खाण्याबद्दल. सांगलीत पाहुण्यांपुढं भडंग ठेवू नका असं सांगायला जीभ रेटत नाही, पण चुरमुऱ्यांना लागलेलं तेल, हळद आणि तिखट पत्त्यांवर जे उमटतं ते कधी जात नाही. आमच्या एका जुन्या कॅटमधला चौकटचा राजा पिवळ्या डागावरून पाठमोराही ओळखता येतो, आणि सगळेच ओळखतात. भडंग द्या, पण वाटीत आणि चमच्यानं. चहा टेबलावर नाही, बाजूच्या स्टुलावर. जेवण दोन खेळांच्या मधे, सरळ ताटं मांडून. खेळता खेळता जेवायचं म्हटलं की वाढणारी बाई प्रत्येक पाळीला उठते, आणि मग ताटकळणारी तीच असते. तुमच्या स्वयंपाकघरात गेलेल्या त्या दोघींपैकी एक पोळ्या लाटत होती का, ते जरा आठवून बघा.

डबे जमिनीवर ठेवू नका, हे मी गावभागातली म्हणून सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी घरात आलं तेव्हा आम्ही धान्य आणि कागदपत्रं वर नेली, खेळांची कुणाला आठवण झाली नाही. दहा दिवसांनी परत आलो तर पुठ्ठ्याचे पट फुगून भाकरीसारखे झालेले, कॅरमचा बोर्ड सुटलेला. लाकडी सोंगट्या तेवढ्या धुऊन, गच्चीत वाळवून घेतल्या. आता सगळं माडीवर पत्र्याच्या ट्रंकेत असतं, पत्ते प्लॅस्टिकच्या पाकिटांत आणि सुट्या सोंगट्या पापडाच्या डब्यांत. विश्रामबागला पाण्याची भीती कमी, पण पावसाळ्यातली दमट हवा पुठ्ठ्याला तिथंही सोडत नाही.

तर येत्या शनिवारी त्याच सातांना बोलवा, ज्या निघून गेल्या त्यांनाही. चिठ्ठ्या आधीच कापून ठेवा, शंभर तरी करा, पन्नासांत दुसऱ्या डावाला तेच शब्द येतात. पहिले तिघं आले की चॅलेंज. सगळे जमले की दोन संघ, नवरा-बायको वेगळे, आणि कप्तान म्हणून त्या स्वयंपाकघरवालीला बसवा. साडेआठला जेवण. नंतर चिठ्ठ्यांचा अजून एक डाव, आणि "आता शेवटचा एकच" असं ते म्हणायला लागले की तिथंच आवरा, दुसऱ्या दिवशी रविवार असला तरी. कॅटान त्या दिवशी काढू नका, पण झाकूनही ठेवू नका, दिसेल असा शेल्फवर राहू द्या. दोन-तीन महिन्यांत सातांतला कुणीतरी तो खाली काढून डब्यावरचं चित्र बघत विचारेल, "हा परवाचा अर्धाच राहिला होता, नाही का?" तेव्हा त्याला आणि आणखी दोघांनाच एखाद्या रविवारी दुपारी बोलवा. चौथे तुम्ही.